फरक कुठे लपतो?

"आजोबा, पुन्हा गेला!"

रात्रीचे साडेदहा वाजले होते. फोनवर नातू होता. आमच्या वयाच्या माणसाला रात्रीच्या फोनवर 'गेला' हा शब्द ऐकण्याची सवय असते, पण ती वेगळ्या अर्थाने. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी हातातच असलेला चष्मा शोधत "कोण रे?" असं विचारलं होतं. आता सरावलो होतो. गेला होता तो त्याचा नवाकोरा संगणक; आणि पंधरा दिवसांत तो अकराव्यांदा गेला होता.

गोष्ट २०२४च्या दिवाळीतली. माझ्या मुलीचा मुलगा त्या वर्षी दहावी चांगल्या मार्कांनी पास होऊन अकरावीत गेला. बक्षीस म्हणून त्याला गेमिंग संगणक हवा होता. आणि तोही तयार नको, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा होता. जावईबापूंना हे पटलं नव्हतं. "तयार मिळतो तो घे, वॉरंटी मिळते, डोक्याला ताप नाही," हे त्यांचं म्हणणं. एरवी माझाही कल त्यांच्याकडेच झुकला असता. पण पोराने चार महिने खपून वहीत केलेली यादी मी पाहिली होती. पहिल्या रकान्यात भागाचं नाव, दुसऱ्यात तीन दुकानांचे भाव आणि तिसऱ्यात 'हाच का?' या प्रश्नाचं उत्तर. छत्तीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत कर्जाचे इतके नीट अर्ज मी फार थोडे पाहिले. मी शिफारस केली आणि १ लाख १५ हजारांचं प्रकरण मंजूर झालं.

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असूनही सगळं जग ज्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतं, तिथल्या एका दुकानातून आम्ही दोघांनी सामान आणलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, पंखे, काचेच्या बाजूचा कॅबिनेट. यादीत मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, १६ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मदरबोर्डवर खाचा चार आणि पट्ट्या दोन, हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला काही बरं वाटेना. मी त्याला न सांगता ठाण्याहून त्याच कंपनीच्या, तोच वेग छापलेल्या आणखी दोन पट्ट्या आणल्या आणि पाडव्याला त्याच्या हातात ठेवल्या. क्षणभर तो डब्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आनंदाने. मग त्याने वाकून नमस्कार केला.

भाऊबीजेच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्याने संगणक जोडला. अंगातली स्थिर वीज नाजूक भागांत जाऊ नये म्हणून दर वेळी आधी तो कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत होता. देवघरात शिरण्याआधी पाय धुवावेत तसा. चारही खाचा भरल्या. संध्याकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पडदा उजळला. जावईबापूंनीसुद्धा पेढा तोंडात टाकला.

तिसऱ्या दिवशी ऐन खेळात तो पहिल्यांदा गेला.

नंतर जे सुरू झालं, ते घरात दीर्घ आजाराचा माणूस असावा तसं होतं. चार तास उत्तम चालायचा, मग अचानक अंधार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कधी नुसता खेळ बंद पडायचा, कधी निळा पडदा येऊन इंग्रजीत काहीतरी सांगायचा. जो तो निदान करू लागला. मित्र म्हणाले, ग्राफिक्स कार्ड बदल. शेजारच्यांनी व्होल्टेजला दोष दिला. जावईबापू म्हणाले, "नवशिक्याने जोडल्यावर दुसरं काय होणार?" आणि त्यांनी मुदत घातली. ३१ डिसेंबरपर्यंत सुधारला नाही तर विकायचा, आणि पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही.

मीही मागे राहिलो नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला फोन करून, थकबाकीदाराशी बोलावं त्या आवाजात, "तुम्ही जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला आहे," असं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सगळं घेऊन या. माझ्यासमोर लावून बघू." मी फोन आपटला.

त्या रात्री पोराचा चेहरा पाहिला तेव्हा लक्षात आलं, की प्रश्न खेळाचा राहिलेला नाही. आपल्या हाताने केलेली पहिली मोठी वस्तू नासली, याची खूणगाठ तो मनाशी बांधत होता. असल्या गाठी पुढे सुटत नाहीत.

मला संगणकातलं फारसं कळत नाही. पण फरक शोधणं कळतं. मी ज्या बँकेत लागलो ती जाडजूड लेजरांची बँक होती. बचत खात्यांच्या शिलका एकेक उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. जुळली नाही तर फरक शोधेपर्यंत घरी जायचं नाही. या कामाची काही जुनी सूत्रं होती. फरकाला नवाने भाग गेला, तर दोन आकडे उलटसुलट पडले असण्याचा संभव, ४७चे ७४. फरक दोनाने भागला, तर तेवढ्या अर्ध्या रकमेची नोंद शोधायची. ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एका वेळी एकच दुरुस्ती करायची. दोन केल्या आणि जुळलं, तर कशाने जुळलं ते कधीच कळत नाही.

मी त्याला एक कोरी वही दिली. तारीख, वेळ, काय चालू होतं, नेमकं काय झालं, आणि त्याआधी आपण कोणता एक बदल केला होता. अंदाज लिहायचा नाही. पाहिलेलं तेवढंच लिहायचं.

त्याने क्रम लावला. विंडोजमध्ये घटनांची एक नोंदवही असते. तिच्यात दर वेळी एकच नोंद दिसे: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मित्रांनी 'पॉवर' हा शब्द पाहून लगेच पॉवर सप्लायकडे बोट दाखवलं होतं. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. ते का, हे ती सांगत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'श्वास थांबला' असं लिहावं, तसं ते.

मग तापमान. प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. ती काढायला विसरलं तर प्रोसेसर भाजून निघतो. फिल्म काढलेली होती आणि आकडेही ठीक होते. मग वीज. ग्राफिक्स कार्डाला दोन जोड होते आणि ते एकाच वायरीच्या दोन तोंडांनी भागवले होते. खेळ रंगात आला की कार्ड क्षणार्धात नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतं, म्हणून दोन स्वतंत्र वायरी लावल्या. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर समूळ काढून नव्याने घातला. मग मदरबोर्डचा बायोस अद्ययावत केला. प्रत्येक बदलानंतर तीन-चार दिवस वाट पाहायची, आणि वहीत पुन्हा 'गेला' अशी नोंद करायची. डिसेंबरची १८ तारीख उजाडली.

या काळात त्याच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. जो ओरडतो, तो गुन्हेगार असतोच असं नाही. २०२४ सालीच जगभर एक प्रकरण गाजलं होतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ बंद पडत आणि पडद्यावर संदेश येई, की ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे. लोकांनी बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डांना धारेवर धरलं. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता आणि त्यामुळे हळूहळू झिजत होता. कंपनीने ते मान्य केलं, त्याच्या आतल्या सूचनांत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आमच्या यंत्रात त्या पिढीचा प्रोसेसर नव्हता, पण धडा आमच्याही कामाचा होता.

"लोकांना आधी कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"आजोबा, प्रोसेसरवर कुणी संशयच घेत नाही. तो साहेब असतो ना!"

हे वाक्य मला कुठेतरी लागलं. का लागलं ते सांगतोच, पण त्याआधी १९९४ सालची एक गोष्ट. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या गुणाकार व्यस्तांच्या बेरजा करत होते. जूनमध्ये त्यांना उत्तरांत बारीकशी विसंगती दिसली. त्यांनी आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग इतर आज्ञावलींवर, मग मदरबोर्डवर. एकेक शक्यता बाद करत ते ऑक्टोबरात पोहोचले, तेव्हा उरला एकटा पेंटियम प्रोसेसर. तो भागाकारात क्वचित चुकत होता. अखेर त्या डिसेंबरात कंपनीने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचं जाहीर केलं आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरची तजवीज करावी लागली. सगळ्यांत मानाच्या जागेवर बोट ठेवायला एका गणित्यालाही चार महिने लागले. मात्र बोट ठेवायची वेळ आली तेव्हा तो कचरला नाही.

मी कचरलो होतो. साल १९८७, तालुक्याच्या गावातली शाखा. मी नुकताच अधिकारी झालो होतो. बचत खात्यांच्या एका लेजरात २,७०० रुपयांचा फरक आला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. नवाने भाग जात होता, म्हणजे आकडे उलटले असणार, हे हेडक्लार्कनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. लेजर एका तरुण कारकुनाकडे होतं. आम्ही त्याच्या हातच्या नोंदी तपासल्या. एकदा, दोनदा, तीनदा. सापडेना. मग कुजबुज सुरू झाली. आकडे आपोआप उलटत नाहीत, कुणीतरी उलटवतं, असं कोणी म्हणालं. मॅनेजरसाहेबांनी त्याला लेजरवरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. चहाला त्याला कुणी हाक मारेना.

सोळाव्या दिवशी मी एकटाच बसलो असताना पानं उलटत होतो. मधल्या एका बाजाराच्या दिवशी गर्दी फार होती, म्हणून तासभर मी स्वतः पोस्टिंगला बसलो होतो. ती पानं कुणीच तपासली नव्हती, कारण त्यांवर साहेबांचं अक्षर होतं. तिथे ७,४०० रुपयांची उचल मी ४,७०० लिहिली होती.

मी नियमाप्रमाणे लाल शाईने दुरुस्ती करून सही केली आणि मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "फरक मिळाला." कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. "बरं झालं, मिटलं," ते म्हणाले. तो मुलगा पुन्हा लेजरवर बसला, पण त्याचं लक्ष उडालं होतं. सहा महिन्यांत त्याने बदली मागून घेतली. निरोपाच्या वेळी त्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी शुभेच्छा दिल्या. पुढे मी कादंबऱ्यांतून कितीतरी काल्पनिक माणसांच्या अपराधांची पानंच्या पानं लिहिली. हे एक पान मात्र आजवर लिहिलं नाही.

असो. १८ डिसेंबरच्या रात्री मी नातवाची वही शांतपणे वाचत बसलो. नोंदी सुरेख होत्या. त्यातून एक गोष्ट दिसत होती. निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी वेगळा होता. एकच भाग बिघडला असेल तर तक्रार सहसा एकाच सुरात येते. इथे रोज नवा सूर होता, म्हणजे सगळेच ज्याच्यावर विसंबून असतात अशा जागी गडबड असावी. शेवटच्या पानावर तपासायच्या भागांची यादी होती. सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती. फक्त एका नावापुढे काहीच नव्हतं: मेमरी.

"हे का राहिलं?"

तो गप्प. मी पुन्हा विचारलं. तो नखं कुरतडू लागला. शेवटी स्वयंपाकघरातून मुलगीच म्हणाली, "बाबा, त्या पट्ट्या तुम्ही दिल्यात ना! तो पहिल्या दिवसापासून म्हणतोय, चार लावायला नको होत्या. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

१९८७ साली माझी पानं कुणी उघडली नव्हती, कारण ती साहेबांची होती. आता माझ्या पट्ट्यांना कुणी हात लावत नव्हतं, कारण त्या आजोबांच्या होत्या. आणि पोरगा महिनाभर स्वतःवर ठपका घेऊन बसला होता.

"पेनड्राइव्ह आण," मी म्हटलं.

मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्याआधीच चालतो. तो मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि ताडून बघतो. आमच्या बँकेत एकाने व्हाउचर वाचायचं आणि दुसऱ्याने लेजरात टिक करायची, तसंच हे. चारही पट्ट्या जागेवर ठेवून तो लावला. पस्तीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. लिहिलेला आकडा एक आणि वाचलेला दुसरा. माझ्या ४७ आणि ७४ सारखाच.

मग त्याच्या दोनच पट्ट्या ठेवून रात्रभर चाचणी केली. एकही चूक नाही. दुसऱ्या रात्री त्या काढून माझ्या दोन लावल्या. मला वाटलं होतं, आता माझा माल खोटा निघणार. सकाळी पाहिलं तर तिथेही एक चूक नाही! चारही पट्ट्या निर्दोष होत्या. दोष होता तो चौघींना एकत्र त्या वेगाने पळवण्यात.

नातवाने मला समजावलं ते असं. मदरबोर्डवर खाचा चार असल्या तरी प्रोसेसरकडून मेमरीकडे जाणारे रस्ते दोनच. दोन पट्ट्या असल्या की प्रत्येकीला स्वतंत्र रस्ता मिळतो. म्हणूनच त्या बहुतेक मदरबोर्डवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायला सांगतात. चार झाल्या की एका रस्त्यावर दोघी. वीजसंकेतांवरचा भार वाढतो, त्यांचे पडसाद उमटतात आणि शून्य की एक हे ओळखताना गफलत होते. पट्ट्यांच्या डब्यावर ६००० छापलेलं होतं, म्हणजे सेकंदाला ६०० कोटी वेळा देवाणघेवाण. पण ते वचन त्या डब्यातल्या जोडीपुरतं असतं; कंपनीने ती जोडी एकत्र तपासलेली असते. दोन वेगळ्या डब्यांतल्या जोड्या एकत्र नांदतील, अशी हमी कुणी दिलेली नसते. आमच्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात तर स्वच्छ लिहिलं होतं: दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. बायोसमध्ये डब्यावरचा वेग निवडला, की आपण ही मर्यादा आपल्या जबाबदारीवर ओलांडत असतो. दोन पट्ट्यांना ते पेललं. चौघींना पेललं नाही.

"मग आपण चारही ठेवू आणि वेग कमी करू," तो चटकन म्हणाला. माझ्याकडे बघत म्हणाला, हे महत्त्वाचं.

"खेळाला काय चांगलं?"

तो घुटमळला. "दोनच. ३२ जीबी पुष्कळ झाली."

मी त्याला बाजूला सारलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, आणि खाचेची कडी दाबून माझ्या पट्ट्या माझ्या हाताने काढल्या. त्या आता माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ३१ डिसेंबरची रात्र जावईबापूंनी मुलाबरोबर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळण्यात घालवली आणि हरले. संगणक तेव्हापासून गेलेला नाही. जावईबापूंनी एकदाच, पण सर्वांसमोर म्हटलं, "जोडणी उत्तम केलीस रे." पोराच्या मनातली गाठ त्या एका वाक्याने सुटली, असं मला त्याच्या कानांच्या रंगावरून वाटलं.

जानेवारीत मी एकटाच लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराला सांगितलं, तुमचा माल चोख होता, चूक माझी होती, आणि मी फोनवर बोललो ते मला बोलायला नको होतं. त्याने चहा मागवला. "साहेब, बिघाड आणणारे रोज येतात. नव्हता म्हणून सांगायला कोण येतो?"

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दुकानदारापर्यंत जायला मला एक महिना लागला होता. दुसऱ्या एका माणसापर्यंत अडतीस वर्षांत गेलो नव्हतो. तो कुठे असतो, मला माहीत नाही. तोही आता निवृत्त झाला असेल, कदाचित त्यालाही नातवंडं असतील, आणि रविवारी सकाळी चहाबरोबर तो पुरवणी वाचत असेल. त्याच्यासाठी म्हणून एवढं लिहितो. त्या लेजरातला २,७०० रुपयांचा फरक तुझा नव्हता. तो माझ्या हातचा होता.